ड्रॅगनस्लेयर आधी घ्या, क्रल स्वस्तात मिळाली तरच

गेल्या पावसाळ्यात वेंगुर्ल्याला घरी होतो आणि जून-जुलैच्या दोन महिन्यांत सहा पुस्तकं लागोपाठ वाचून काढली. सगळी इंग्रजी, सगळी जुनी पेपरबॅक, आणि सगळी ऐंशीच्या दशकातल्या तलवारबाजी-जादूटोण्याच्या सिनेमांवरून लिहिलेली. कादंबरीवरून सिनेमा निघतो हे आपल्याला माहीत असतं, हा उलटा प्रकार आहे, आधी पटकथा आणि मग तिच्यावरून कादंबरी, इंग्रजीत याला नॉव्हेलायझेशन म्हणतात. वाचणारे लोक याच्याकडे बघून नाक मुरडतात, सिनेमाचं उष्टं म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही आणि का पटत नाही ते सांगायलाच हे लिहितोय. शिवाय कुणाला घ्यायची असतील तर कुठली घ्यावी आणि कुठली सोडावी तेही सांगतो, कारण ही जुनी पुस्तकं आता स्वस्त राहिलेली नाहीत.

आधी हे काम चालायचं कसं ते बघा. सिनेमा लागायच्या बरेच महिने आधी लेखकाच्या हातात पटकथा यायची, शूटिंग कुठेतरी चालू असायचं, आणि सिनेमा थिएटरला लागेल तेव्हा पुस्तक दुकानात पाहिजे म्हणून लेखकाला घाईत लिहून द्यावं लागायचं. म्हणजे बऱ्याचदा त्या माणसाने सिनेमा बघितलेलाच नसायचा! नटाचा चेहरा कसा दिसणार, राक्षस कसा दिसणार, म्युझिक काय असणार, काहीच माहीत नाही, हातात फक्त संवाद आणि चार ओळींची वर्णनं. स्टार वॉर्सची कादंबरी तर नोव्हेंबर १९७६ ला आली आणि सिनेमा मे १९७७ ला, कव्हरवर नाव जॉर्ज लुकासचं आणि लिहिली होती ॲलन डीन फॉस्टरने. त्यामुळे नंतर एडिटिंगमध्ये कापलेले सीन पुस्तकात तसेच राहून जातात, आणि नटाने डोळ्यांनी केलेलं काम लेखकाला शब्दांनी करावं लागतं. आमच्याकडचा दशावतार आठवा. तिथे लिहिलेली संहिता नसते, पडद्यामागे कथानक ठरतं आणि मग राजा काय बोलणार ते राजाचं काम करणाऱ्यावर, म्हणून एकच आख्यान दोन कंपन्यांचं बघितलं तर दोन वेगळी नाटकं बघितल्यासारखं वाटतं. ह्या कादंबऱ्यांचं मला तसंच वाटतं, कथानक तेच पण सोंग घेतलेला माणूस दुसरा.

आता माझं ह्यात अडकणं कुठून आलं ते थोडक्यात. आमच्या वाडीत गणपतीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायचे, रात्रभर तीन-चार कॅसेट, अंगणात ताडपत्री आणि सगळी वाडी जमलेली. एका वर्षी त्यात लेडीहॉक आली. इंग्रजी कुणाला कळत नव्हतं पण बाई दिवसा ससाणा होते आणि पुरुष रात्री लांडगा होतो हे कळायला भाषा कशाला लागते, सगळे गप्प होऊन बघत होते. आणि शेवटची वीसेक मिनिटं राहिली असताना लाईट गेली ती सकाळपर्यंत आली नाही, सकाळी कॅसेट परत गेली. त्या दोघांचं पुढे काय झालं ते मला कित्येक वर्षं माहीत नव्हतं. मग मुंबईला नोकरीला असताना फाउंटनच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात ते नाव दिसलं, जोन व्हिंजची कादंबरी, कव्हरचा कोपरा फाटलेला. ती मी तुतारी एक्सप्रेसमध्ये दादरपासून वाचायला घेतली आणि कुडाळ यायच्या आत संपवली. म्हणजे त्या गोष्टीचा शेवट मी आधी वाचला आणि बघितला नंतर, आणि खरं सांगतो, वाचलेला शेवट जास्त चांगला आहे.

का ते सांगतो. लेडीहॉक १९८५ चा, दिग्दर्शक रिचर्ड डोनर, दिसायला फार सुंदर सिनेमा, इटलीतले खरे किल्ले आणि डोंगर. पण त्याला लावलंय सिंथेसायझरचं रॉक म्युझिक, घोडा दौडायला लागला की मागे ड्रम सुरू होतात आणि मध्ययुगातून माणूस एकदम बाहेर फेकला जातो. पुस्तकात हा त्रास नाही. पुस्तकात जंगल शांत आहे, आणि ह्या गोष्टीचा जीवच शांततेत आहे कारण दोघं प्रेमी चोवीस तास एकमेकांबरोबर असूनही त्यांना एकमेकांशी बोलता येत नाही. नवार आणि इझाबो, एका बिशपने शाप दिलेले. दिवसा तो माणूस असतो तेव्हा ती त्याच्या हातावर ससाणा होऊन बसलेली, रात्री ती बाई होते तेव्हा हा लांडगा होऊन आसपास फिरत असतो. त्यांच्यामध्ये निरोप्या कोण, तर फिलिप नावाचा एक पोरगेला चोर, तुरुंगाच्या गटारातून पळालेला, देवाशी सतत बोलणारा आणि देवालाच थापा मारणारा. व्हिंजबाईंना ह्या पोराचं मन बरोबर सापडलंय. ससाण्याला बाण लागतो आणि नवार त्या जखमी पक्ष्याला फिलिपच्या हातात देऊन म्हाताऱ्या साधूकडे पाठवतो, आणि सूर्य मावळला की तिथे पक्षी नसतो, छातीत बाण रुतलेली बाई असते, तो भाग मी दोनदा वाचला. ह्या बाई काही साध्यासुध्या लेखिका नव्हेत, १९८१ ला त्यांना त्यांच्या स्वतःच्या कादंबरीसाठी ह्यूगो पुरस्कार मिळाला होता, आणि त्या लेव्हलच्या लेखिकेने सिनेमाचं काम हातात घेतलं तरी ते कसं मनापासून केलं ते पानापानात दिसतं.

जुलैमध्ये आमच्याकडे तीन दिवस लाईट नव्हती, तेव्हा ही गोष्ट मी रोज संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात आईला सांगितली, वाचून नव्हे, मालवणीतून सांगून. आईला त्या वेळची गणपतीतली रात्र आठवत होती. दुसऱ्या दिवशी मी फिलिपबद्दल सांगत बसलो तर म्हणाली, "ता ऱ्हवांदे रे, त्या बिशपाचा काय वाटोळा झाला ता सांग आधी." शाप कुणी दिला, का दिला, आणि त्याला शिक्षा झाली की नाही, तिला तेच पाहिजे होतं, आणि व्हिंजने गोष्टीची बांधणी नेमकी तशीच केलीय, बिशपचा धाक पहिल्या पानापासून असतो.

तरी सहांमध्ये पहिला नंबर माझ्या मते ड्रॅगनस्लेयरचा. सिनेमा १९८१ चा, कादंबरी वेलँड ड्रू ह्यांची. हे कॅनडातले, ओंटारिओचे, शाळेत शिकवायचे आणि जंगल-निसर्ग हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय, स्वतःच्या कादंबऱ्याही लिहायचे. अशा माणसाच्या हातात ड्रॅगनची गोष्ट पडली हे वाचकांचं नशीब. गोष्ट अशी की उरलंड नावाच्या राज्यात राजाने ड्रॅगनशी तह केलेला, वर्षातून दोनदा, दिवस-रात्र समान होतात त्या वेळी, चिठ्ठ्या टाकून एक कुमारिका ड्रॅगनला द्यायची आणि बाकी राज्य सुखात राहायचं. चिठ्ठीत नाव प्रत्येक मुलीचं पाहिजे, पण ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांच्या मुलींची नावं गायब होतात, आणि राजकन्येचं तर कधी टाकलंच नाही. एका लोहाराने आपली मुलगी वाचवायला तिला लहानपणापासून मुलगा म्हणून वाढवलंय, व्हॅलेरियन तिचं नाव. आणि राजकन्येला जेव्हा कळतं की आपलं नाव कधी पेटीत नव्हतंच, तेव्हा ती काय करते ते मी सांगणार नाही, पण तो प्रसंग वाचताना मी पुस्तक खाली ठेवून थोडा वेळ ओटीवर जाऊन पाऊस बघत बसलो होतो.

सिनेमात ड्रॅगन भारी आहे, वर्मिथ्रॅक्स त्याचं नाव, इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकवाल्यांनी गो-मोशन नावाच्या नव्या पद्धतीने तो हलवला आणि इतक्या वर्षांनीही तो बनावट वाटत नाही. पण सिनेमात ड्रॅगन बघायला मिळावा म्हणून माणसं जरा घाईत उरकलीत, विशेषतः म्हातारा जादूगार उलरिक आणि त्याचा शिकाऊ पोरगा गेलन. ड्रू ह्यांनी ह्या सगळ्यांच्या मागच्या आयुष्यात शिरून लिहिलंय, कोण कुठून आलं, कशाला घाबरतं, त्यामुळे पुढे कुणी मेलं की ते आपलं माणूस गेल्यासारखं लागतं. आणि ड्रॅगन ही मादी आहे, तिची पिल्लं आहेत, हे लक्षात घेऊन पुस्तक वाचा. ती म्हातारी झालीय, तिच्या जातीचं कुणी उरलं नाही, जादूगारांचीही जात संपत आलीय, नवीन धर्म येतोय, जुनं जग बुडतंय. शेवटी ड्रॅगन मारल्याचं श्रेय कोण लाटतं ते वाचून मला इतका राग आला की रात्री झोप लागली नाही. तलवार-जादूच्या नावाखाली इतकी राजकारणाची जाण असलेली गोष्ट मी दुसरी वाचलेली नाही.

त्याच ड्रू ह्यांची विलो. सिनेमा १९८८ चा, कथा जॉर्ज लुकासची, दिग्दर्शक रॉन हॉवर्ड. ही ड्रॅगनस्लेयर इतकी खोल नाही, हलकीफुलकी गोष्ट आहे, बुटक्या लोकांच्या गावातला विलो नावाचा एक शेतकरी, ज्याला जादूगार व्हायचंय, त्याला नदीत एक बाळ सापडतं आणि ते बाळ म्हणे दुष्ट राणीचा नाश करणार. घरात दहा-बारा वर्षांचं मूल असेल आणि त्याला इंग्रजी वाचायची सवय लावायची असेल तर ह्याच्यापासून सुरुवात करा. पुस्तकाचा खास फायदा म्हणजे सिनेमात नसलेला एक प्रसंग, फिन रेझिएल नावाची जादूगारीण ज्या बेटावर अडकलीय तिथे विलो होडीतून जातो तेव्हा तळ्यातल्या राक्षसाशी गाठ पडते. हा सीन शूट झाला होता पण सिनेमातून काढला. आम्ही खाडीकाठची माणसं, अंधारात होडीखाली काहीतरी मोठं सरकतंय ही भीती आम्हाला वर्णन करून सांगावी लागत नाही, आणि तरीही त्या पानांवर अंगावर काटा आला. सिनेमात तो होडीतून नुसता जातो आणि पोचतो.

आता कॉनन. कॉननच्या गोष्टीत गंमत अशी आहे की तो मुळात पुस्तकातलाच. टेक्सासच्या क्रॉस प्लेन्स गावात राहणाऱ्या रॉबर्ट ई. हॉवर्डने त्याला जन्माला घातलं, डिसेंबर १९३२ च्या वियर्ड टेल्स मासिकात पहिली गोष्ट आली, आणि १९३६ ला वयाच्या फक्त तिसाव्या वर्षी हॉवर्ड गेला. ह्या असल्या गोष्टींना तलवार आणि जादू हे नाव सुद्धा तेव्हा नव्हतं, ते १९६१ ला फ्रिट्झ लायबरने सुचवलं. नंतर स्प्रेग डी कॅम्प आणि लिन कार्टर ह्या दोघांनी हॉवर्डच्या अर्धवट राहिलेल्या गोष्टी पुऱ्या केल्या, स्वतःच्या नवीन घातल्या, आणि साठच्या दशकात पेपरबॅकमधून कॉनन घरोघरी पोचवला. मग १९८२ ला जॉन मिलियसचा सिनेमा आला, कॉनन द बार्बेरियन, आणि त्याची कादंबरी लिहायला दिली पुन्हा ह्या दोघांनाच. पुस्तकातून सिनेमा आणि सिनेमातून परत पुस्तक, असा पूर्ण वळसा.

मी ह्या पुस्तकाकडून फार आशा ठेवली होती आणि निराश झालो. हा सिनेमा मुळात कमी बोलणारा आहे, सुरुवातीचा बराच वेळ संवाद जवळजवळ नाहीतच, बेसिल पोलेडूरिसचं म्युझिक सगळं वाहून नेतं. लहान पोर एका प्रचंड चाकाला जुंपलेलं, गोल गोल ढकलतंय, ऋतू बदलतात, बाकीची पोरं मरत जातात, आणि शेवटी त्याच्या जागी अर्नोल्डचा तो देह उभा. सिनेमात हे दोन मिनिटांत होतं आणि आयुष्यभर लक्षात राहतं. पुस्तकात तेच वाचताना हिशेबाची वही वाचल्यासारखं होतं. हे दोघं अभ्यासू माणसं, कॉननच्या जगातली एकेक जमात, एकेक देव त्यांना पाठ, ती माहिती ते देत राहतात, पण त्या पोराच्या खांद्याला काय होत होतं ते सांगत नाहीत. हॉवर्डच्या मूळ गोष्टी वाचलेल्यांना तर हे जास्तच जाणवेल, त्याचं वाक्य कुऱ्हाडीसारखं पडायचं. ज्यांना सगळं कॉनन साहित्य जमवायचं आहे त्यांनी घ्यावं, बाकीच्यांनी सिनेमा बघावा, आणि चांगल्या स्पीकरवर बघावा.

कॉनन द डिस्ट्रॉयर मात्र उलटं. १९८४ चा हा सिनेमा साधाच आहे, पहिल्या सिनेमाची धार काढून टाकलेला, राजकन्येला घेऊन जा, जादूचं शिंग आण, मेलेली प्रेयसी परत मिळेल, असा सगळा प्रवास. पण कादंबरी लिहिलीय रॉबर्ट जॉर्डनने, ज्याची पुढे १९९० पासून सुरू झालेली प्रचंड मालिका जगभर गाजली तोच. मोठी मालिका सुरू करायच्या आधी त्याने कॉननवर सात पुस्तकं लिहिली, त्यातलं हे एक. त्याचा हात इथे तयार होताना दिसतो, मारामारी कशी लिहायची, कोण कुठे उभा आहे ते वाचणाऱ्याला कसं कळलं पाहिजे, पाचसहा जणांची टोळी चालत असताना प्रत्येकाला बोलायला काय द्यायचं. झुला नावाची लढवय्यी, सिनेमात ग्रेस जोन्सने केलेली, ती पुस्तकातही भाव खाऊन जाते. ह्या सिनेमाची मूळ कथा रॉय थॉमस आणि जेरी कॉनवे ह्या कॉमिकवाल्यांची, नंतर पटकथा दुसऱ्याने लिहिली, आणि ह्या दोघांनी आपली मूळ गोष्ट १९९० ला वेगळी कॉमिक म्हणून काढली. म्हणजे एकाच कथानकाची तीन सोंगं झाली. मी कॉमिक अजून वाचलेली नाही, कुणाकडे असेल तर वाचायला द्या, सांभाळून परत करीन.

राहिली क्रल. सिनेमा १९८३ चा, पीटर येट्सचा, खूप पैसा ओतलेला आणि गल्ल्यावर पडलेला. कादंबरी ॲलन डीन फॉस्टरची, स्टार वॉर्सवाल्याच, तेव्हा सिनेमाची कादंबरी म्हटलं की त्याचं नाव असायचं. हात सफाईदार आहे पण मूळ कथाच पातळ, राजपुत्र, पळवलेली राजकन्या, पाच पात्यांचं चक्रासारखं फेकायचं शस्त्र, आणि रोज पहाटे जागा बदलणारा काळा किल्ला. किल्ल्याची कल्पना फार आवडली. एकडोळ्या राक्षसाचीही, त्याच्या पूर्वजांनी भविष्य दिसावं म्हणून एक डोळा दिला आणि बदल्यात दिसायला लागलं काय, तर फक्त स्वतःचं मरण. तेवढ्या पानांसाठी वाचावी. राजकन्या मात्र सगळं पुस्तकभर वाट बघत बसलीय, आणि ड्रॅगनस्लेयरमधल्या मुली डोक्यात ताज्या असताना हे फार खटकतं.

खरेदीबद्दल. ही सगळी त्या काळातली खिशात मावणारी स्वस्त कागदाची पुस्तकं, पानं पिवळी पडलेली असणारच, त्याचं काही वाटून घेऊ नका. बघायचं ते बाइंडिंग. डिंक सुकून कडक झालेला असतो, पुस्तक पूर्ण सपाट उघडलं की कण्यातून पानं सुटतात, म्हणून अर्धंच उघडून वाचायचं. ऑनलाइन मागवत असाल तर फोटो मागून घ्या, कव्हरचा, कण्याचा आणि शेवटच्या पानाचा, कारण शेवटचं पान नसलेली पुस्तकं विकणारे आहेत. पावसाळ्यात तर मागवूच नका. माझी क्रल एका विक्रेत्याने ऐन जुलैत नुसत्या कागदाच्या पाकिटात पाठवली, प्लास्टिक नाही काही नाही, घरी आली तेव्हा कव्हर पहिल्या पानाला चिकटलेलं आणि कडेने बुरशी. दोन दिवस भांडल्यावर अर्धे पैसे परत मिळाले. पंख्याखाली पानापानात टिपकागद घालून सुकवली, वाचता येते, पण वास गेला नाही.

आणि कोकणात ठेवायची असतील तर भिंतीला टेकवून ठेवू नका, भिंत ओल धरते आणि मागून पुस्तक जातं, समोरून कळतही नाही. मी पत्र्याच्या ट्रंकेत ठेवतो, खाली कडुलिंबाचा सुकलेला पाला, कोपऱ्यात डांबरगोळ्या, आणि ऑक्टोबरचं ऊन पडलं की दोन तास गच्चीवर, जास्त नाही, नाहीतर कागद तडकतो. नवीन छापील प्रत पाहिजे असेल तर डार्क क्रिस्टल आणि लॅबिरिंथ ह्या दोन सिनेमांच्या एसीएच स्मिथने लिहिलेल्या कादंबऱ्या २०१४ ला पुन्हा निघाल्यात, त्यांत तलवारी कमी आहेत पण प्रकार तोच. वरच्या सहा मात्र मी तरी जुन्यातच शोधल्या.

लेडीहॉक सध्या माझ्याकडे नाही. आईने ती गोष्ट शेजारच्या काकांना सांगितली, ते तीस वर्षं दशावतारात काम करतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः आमच्या ओटीवर आले. पुस्तक हातात घेऊन कव्हरवरचं चित्र बराच वेळ बघितलं, मग बाई पक्षी कधी होते, पुरुष लांडगा कधी होतो, दोघं एकमेकांना कधी बघतात, सगळं मला परत पहिल्यापासून सांगायला लावलं. ग्रहणाचं सांगितलं तेव्हा उठून उभे राहिले. कार्तिकात जत्रा सुरू होतात, त्यांच्या कंपनीला नवीन ट्रिकसीन पाहिजे आहे. पुस्तक काखेत मारून जाताना म्हणाले, "लांडग्याचा आम्ही बघून घेव, घार कशी उडवची ता सांग."